औषधदान आणि ज्ञानदान : मधुमेह-शिक्षणाच्या वाटचालीचा मागोवा

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी दानाची चार अंगे आपल्या परंपरेने सांगितली आहेत. धार्मिक संस्थांनी यांपैकी आहारदान आणि औषधदान यांची परंपरा मोठ्या निष्ठेने सांभाळली आहे. महावीर जयंती असो, एखाद्या मुनिश्रींचा चातुर्मास असो वा संस्थेचा वर्धापनदिन असो, आरोग्य शिबिर हा अशा कार्यक्रमांचा आता नित्याचा भाग झाला आहे. सभामंडपात टेबल मांडले जाते, बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब पट्टीवर घेतला जातो आणि काही क्षणांत आकडा समोर येतो. ज्याचा आकडा १३० येतो तो समाधानाने घरी जातो. ज्याचा २८० येतो त्याच्या हाती चिठ्ठी दिली जाते, ‘डॉक्टरांना दाखवा, गोड बंद करा’ असे सांगितले जाते. दुसऱ्या दिवशी मंडप उतरतो आणि चिठ्ठी देव्हाऱ्याजवळच्या कप्प्यात जाऊन पडते.

प्रस्तुत लेखाचा विषय त्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र म्हणून सर्व देशाला परिचित आहे. याच तालुक्यात शिरड शहापूर येथे भगवान मल्लिनाथांचे अतिशय क्षेत्र आहे. या परिसरात श्रद्धेने येणाऱ्या, व्रत-उपवास करणाऱ्या माणसाला एके दिवशी आपल्याला मधुमेह झाल्याचे कळते, तेव्हा त्याच्या मनात उठणारे प्रश्न केवळ औषधाचे नसतात. आता दशलक्षण पर्वात उपवास करता येईल का, सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नियम पाळता येईल का, अनवाणी दर्शनाला जाता येईल का, घरातील स्वयंपाक वेगळा करावा लागेल का, हे ते प्रश्न होत. त्यांची उत्तरे चिठ्ठीवर लिहिलेली नसतात. ती कोणी तरी जवळ बसून, समजावून, पुन्हा पुन्हा सांगावी लागतात. मधुमेहाच्या उपचाराचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर हे शिकविणे उपचाराचाच गाभा कसे ठरत गेले याचे दर्शन घडते.

प्राचीन काळचे ज्ञान

मधुमेह हा आपल्या देशाला नवा रोग नाही. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले आहेत. सुश्रुताने तर त्याचे कारणानुसार दोन भेद केले : एक ‘सहज’, म्हणजे जन्मतः आलेला, आणि दुसरा ‘अपथ्यनिमित्तज’, म्हणजे आहारविहारातील दोषांतून उद्भवलेला. पहिल्या प्रकारचा रोगी कृश असतो व दुसरा बहुधा स्थूल, हेही त्याने नोंदविले. आजचे वैद्यकशास्त्र टाइप वन आणि टाइप टू असे भेद करते, त्यांच्याशी या विभागणीचे साम्य आश्चर्यकारक आहे.

सुश्रुताने सांगितलेला एक उपचार आपल्या वाचकांना विशेष वाटेल. ज्या प्रमेही रुग्णाजवळ धन नाही वा आप्त नाहीत, त्याने पादत्राण आणि छत्रीचा त्याग करावा, भिक्षेवर निर्वाह करावा, एका गावी एकच रात्र राहावे आणि मुनीप्रमाणे संयमाने शंभर योजने चालावे. किंवा त्याने विहीर खणावी. हे वर्णन वाचताना आपल्या साधु-साध्वींच्या विहाराचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. मोजका आहार आणि भरपूर चालणे हे सूत्र त्या काळीही उमगले होते. मात्र यातील अनवाणी चालण्याचा भाग आज मधुमेह्याला घातक मानला जातो. त्याचा विचार पुढे येईलच.

जैन परंपरेतही वैद्यकाचा स्वतंत्र प्रवाह होता. नवव्या शतकाच्या सुमारास, राष्ट्रकूट नरेश अमोघवर्षाच्या काळाशी ज्यांचा संबंध जोडला जातो, त्या उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मद्य, मांस आणि मध यांचा वापर न करता चिकित्सा कशी करावी हे त्यात सांगितले आहे. हा ग्रंथ १९४० साली सोलापुरातून हिंदी अनुवादासह प्रकाशित झाला. धर्माचे नियम आणि शरीराची गरज यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न आपल्या आचार्यांनी हजार वर्षांपूर्वी केला होता, एवढे त्यावरून निश्चित होते.

इन्शुलिन आले आणि रुग्ण विद्यार्थी झाला

पाश्चात्त्य वैद्यकात सतराव्या शतकात थॉमस विलिस याने रुग्णाच्या मूत्राची गोडी नोंदविली. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन याने ती गोडी शर्करेची असल्याचे दाखविले. १८८९ मध्ये जर्मनीत मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो हे सिद्ध केले. कारण हाती लागले. उपाय मात्र नव्हता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक ॲलन रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवीत. त्यामुळे मुलांचे आयुष्य काही महिन्यांनी किंवा थोड्या वर्षांनी वाढे. पण ती अक्षरशः हाडांचे सापळे होत.

१९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बॅन्टिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे केले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन देण्यात आले. ते पुरेसे शुद्ध नव्हते. जेम्स कॉलिप यांनी शुद्धीकरण केल्यावर २३ जानेवारीला दिलेल्या इंजेक्शनने त्याची शर्करा उतरली. शोधकांनी या औषधाचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला देऊन टाकले. औषधदानाचे याहून मोठे उदाहरण आधुनिक काळात क्वचितच सापडेल.

पण औषध हाती येताच एक नवी अडचण उभी राहिली. इन्शुलिन रोज टोचावे लागते, तेही खाण्याशी मेळ घालून. जास्त झाले तर शर्करा एकदम उतरून रुग्ण बेशुद्ध होतो. कमी पडले तर ती वाढत जाते. हे काम करण्यासाठी डॉक्टर प्रत्येकाच्या घरी दिवसातून दोन वेळा जाऊ शकत नाही. तेव्हा रुग्णाने स्वतःच सुई धरायला, अन्न मोजायला आणि मूत्र तपासायला शिकणे अपरिहार्य ठरले. इतर रोगांत रुग्ण औषध घेणारा असतो. मधुमेहात तो औषध चालविणारा झाला.

हे सर्वांआधी ओळखले ते बोस्टनच्या डॉ. इलियट जोस्लिन यांनी. इन्शुलिनच्याही आधी, १९१८ साली, त्यांनी डॉक्टर आणि रुग्ण दोघांसाठी मधुमेहाची मार्गदर्शिका लिहिली होती. पुढे त्यांनी परिचारिकांना खास शिकवून रुग्णांच्या घरी पाठविण्यास प्रारंभ केला. ज्याला आपला रोग समजला तो अधिक काळ जगतो, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह होता.

पोर्तुगालचे डॉ. अर्नेस्टो रोमा १९२२ मध्ये बोस्टनला होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी १९२६ साली लिस्बन येथे गरीब मधुमेह्यांसाठी संस्था स्थापन केली. ज्यांना इन्शुलिन विकत घेणे शक्य नव्हते त्यांना ते मोफत मिळावे हा तिचा मूळ हेतू होता. मात्र नुसती कुपी देऊन भागत नाही हे ध्यानी येऊन तेथे आहाराचे आणि स्वतःची काळजी घेण्याचेही शिक्षण देण्यात येऊ लागले. मधुमेह्यांची जगातील ही सर्वांत जुनी संस्था आजही कार्यरत आहे. इंग्लंडमध्ये डॉ. आर. डी. लॉरेन्स हे स्वतः मधुमेही होते. इन्शुलिन वेळेवर मिळाल्याने त्यांचे प्राण वाचले. त्यांनी आणि सुप्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांनी १९३४ मध्ये मधुमेह्यांची संघटना उभी केली. वेल्सही मधुमेही होते. ज्यांना रोग आहे त्यांनीच एकत्र येऊन एकमेकांना शिकवावे, हा विचार येथून रुजला.

भारतात आणि महाराष्ट्रात

आपल्या देशात मद्रासचे डॉ. एम. विश्वनाथन यांनी १९४८ मध्ये स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयात स्वतंत्र मधुमेह विभाग सुरू केला. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर डॉ. एस. एस. आजगावकर यांचे नाव आदराने घ्यावे लागते. त्यांच्या पुढाकाराने १९५५ साली मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. माहीम येथील एस. एल. रहेजा रुग्णालय याच संस्थेच्या प्रयत्नांतून उभे राहिले. उपचार, संशोधन आणि लोकशिक्षण यांची सांगड घालण्याचे कार्य तेथे झाले.

त्या काळी घरच्या घरी साखर तपासण्याचे साधन म्हणजे बेनेडिक्टचे निळे द्रावण. परीक्षानळीत ते घेऊन त्यात मूत्राचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचे. रंग निळाच राहिला तर साखर नाही; हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी लाल झाला तर साखर वाढत गेली असे समजायचे. शाळेची पायरी न चढलेल्या आजीबाईही हे रंग ओळखायला शिकल्या. समोर घडणारी गोष्ट दाखवून शिकविली तर अक्षरओळख नसणे आड येत नाही, हा या निळ्या द्रावणाचा धडा आहे. १९७० च्या सुमारास रक्तशर्करा मोजण्याचे पहिले छोटे यंत्र अमेरिकेत आले. त्याच दशकाच्या अखेरीस मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही चाचणी वापरात येऊ लागली. १९५७ साली फ्रान्समधील डॉ. जाँ स्टर्न यांनी उपयोगात आणलेली मेटफॉर्मिन ही गोळी आज बहुतेक नव्या मधुमेह्यांना प्रथम दिली जाते. साधने वाढली, औषधे वाढली आणि त्याबरोबर रुग्णाने शिकावयाच्या गोष्टीही वाढल्या.

मधुमेह हा श्रीमंतांचा, पेढीवर बसणाऱ्यांचा रोग असा समज आपल्याकडे दीर्घकाळ होता. १९७० च्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या पाहणीत शहरांत २.१ टक्के आणि खेड्यांत १.५ टक्के लोकांना मधुमेह आढळला होता. त्याच परिषदेच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रमाण ८.४ टक्के होते. शहरी भागात १०.९ आणि ग्रामीण भागात ६.५ टक्के. २०२३ साली जाहीर झालेल्या देशव्यापी निष्कर्षांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. हा रोग आता पेढीवरून शिवारात पोहोचला आहे.

आपण तर फारसे जाड नाही, मग हा रोग कसा, असे अनेकजण विचारतात. याचे उत्तर पुण्याने दिले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास करीत आले आहेत. भारतीय बाळे जन्मतः वजनाने कमी असली तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, असे त्यांना आढळले. २००४ साली त्यांनी स्वतःचे आणि इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. तेव्हा काट्यावरचा आकडा पाहून निश्चिंत होणे आपल्या लोकांना परवडणारे नाही. पोटाचा घेर हाच आपल्यासाठी अधिक खरा साक्षीदार आहे.

मराठवाड्याचा प्रवास

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झालेल्या मराठवाड्यात वैद्यकीय सोयी तुटपुंज्या होत्या. १९५६ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्यानंतर १९७४ मध्ये अंबाजोगाई, १९८८ मध्ये नांदेड, असा हा विस्तार होत गेला. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. परभणीत २०२३ साली आणि हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ज्या औंढ्याच्या रुग्णाला विशेष तपासणीसाठी नांदेड वा संभाजीनगर गाठावे लागे, त्याच्या दृष्टीने ही मोठीच घटना होय.

परंतु महाविद्यालय जवळ आले म्हणजे शिक्षण घरात आले असे होत नाही. या संदर्भात मराठवाड्याच्या सीमेवरील जामखेडचे उदाहरण लक्षणीय आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या स्त्रियांना, ज्यांतील अनेक निरक्षर होत्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडविले. या स्त्रिया ठरावीक दिवशी जामखेडला येत, एखादा विषय शिकत, गावी जाऊन तो शेजारणींना सांगत आणि पुढच्या वेळी आपला अनुभव घेऊन परत येत. बाळंतपण, कुपोषण, कुष्ठरोग अशा विषयांत त्यांनी जे साधले त्याची दखल जगाने घेतली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टरांनी एकदा सांगितलेले विसरले जाते, शेजारणीने दहा वेळा सांगितलेले अंगवळणी पडते, हे जामखेडने दाखवून दिले. शासनाच्या आजच्या ‘आशा’ कार्यकर्तीच्या कल्पनेमागे अशाच अनुभवांचे बळ आहे.

केंद्र शासनाने २०१० साली मधुमेह, कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघात यांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम निवडक जिल्ह्यांत सुरू केला. २०१७ पासून तीस वर्षांवरील सर्वांच्या तपासणीची योजना आली, आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन माहिती भरू लागल्या. उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत झाले. २०२३ पासून त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव आहे. तपासणी आणि गोळ्या आता गावाजवळ मिळू शकतात. उणीव आहे ती समजावून सांगणाऱ्या निवांत घटकेची.

पहिली वर्षेच का महत्त्वाची?

नव्याने निदान झालेल्या माणसाला बहुधा काहीच त्रास होत नसतो. म्हणून तो म्हणतो, ‘पाहू पुढे.’ या ‘पाहू पुढे’चे मोल किती, हे इंग्लंडमधील एका प्रदीर्घ अभ्यासाने दाखविले. १९७७ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात नव्याने मधुमेह आढळलेल्या ५१०२ व्यक्तींचा समावेश होता. १९९८ साली निष्कर्ष आले, की ज्यांची शर्करा अधिक काटेकोरपणे आवरली गेली त्यांच्यात डोळे, मूत्रपिंड यांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांत २५ टक्क्यांनी घट झाली. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची शर्करा वर्षभरात सारखीच झाली. तरीही दहा वर्षांनंतर, २००८ साली पाहिले असता, आरंभी नीट काळजी घेतलेल्यांचा लाभ टिकून होता. प्रारंभीच्या काळात केलेले चांगले वर्तन शरीर लक्षात ठेवते. दुर्लक्षही तसेच लक्षात ठेवते. कर्माच्या बंधाची कल्पना ज्यांना परिचित आहे त्यांना हे समजण्यास कठीण जाऊ नये.

इंग्लंडमध्येच नव्या मधुमेह्यांना गटाने सहा तास शिकविण्याच्या ‘डेस्मंड’ उपक्रमाची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. वर्षभराने शिकलेल्यांचे वजन अधिक उतरले होते, धूम्रपान कमी झाले होते आणि रोगाविषयीची समज वाढली होती. मात्र शर्करेच्या सरासरीत इतरांहून मोठा फरक दिसला नाही. तीन वर्षांनंतर समज टिकून होती, बाकीचे लाभ ओसरले होते. एकदाच दिलेली शिकवण मनात राहते, पण हातापायांत उतरण्यासाठी तिची उजळणी लागते. एकच प्रवचन ऐकून कोणी व्रती होत नाही. त्यासाठी नित्य स्वाध्याय लागतो. आरोग्याचेही तसेच आहे.

मराठी घरांतील आहारचर्चा

गेल्या काही वर्षांत मराठी घराघरांत आहाराची जी चर्चा झाली ती अन्य प्रांतांत क्वचितच झाली असेल. नागपूरचे बहुविद्याविभूषित डॉ. श्रीकांत जिचकार यांनी वारंवार खाण्याने इन्शुलिन पुन्हा पुन्हा स्रवते असे सांगून दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार मांडला. २००४ साली त्यांचे अपघाती निधन झाले. पुढे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्यानांतून तो विचार मराठवाड्यात आणि नंतर राज्यभर पोहोचविला. दोन वेळा, प्रत्येकी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण, ही त्यांची पद्धत अनेकांनी अंगीकारली. आपल्या ज्येष्ठांना त्यात बियासण्याची आठवण झाली असल्यास नवल नाही. ऊणोदरी, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणे, आणि रसपरित्याग ही तर आपल्याकडे बाह्य तपे मानली आहेत.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आरोग्यसंपन्न माणसाने दोनदा जेवणे आणि शर्करा उतरविणारी गोळी घेणाऱ्याने तसे करणे, यांत मोठा फरक आहे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण टाळले तर शर्करा ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर, छातीत धडधड आणि शेवटी बेशुद्धी येऊ शकते. म्हणून आहार बदलण्याआधी औषधाचे प्रमाण डॉक्टरांकडून बदलून घेतले पाहिजे. कारले, मेथी वा आपल्या जिल्ह्याची ओळख असलेली हळद यांचा स्वयंपाकात वापर चांगलाच. पण औषधाची जागा त्यांपैकी एकही घेत नाही. ज्वारीची भाकरीसुद्धा मोजून खावयाची असते.

आपले विशेष प्रश्न

मधुमेह्यांना दिली जाणारी छापील पत्रके बहुधा सर्वांसाठी एकच असतात. ‘बटाटा खाऊ नका’ असे त्यांत असते. ज्या घरात कंदमूळच वर्ज्य आहे त्यांना त्याचा काय उपयोग? उलट आपल्या ताटात पोळी, भात, फरसाण आणि गोडधोड यांचे प्रमाण किती, याकडे कोणी लक्ष वेधत नाही. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य करणाऱ्यांनी दोडका, दुधी, पडवळ, कारले, तोंडली, घेवडा अशा फळभाज्या आणि मूग, मटकी यांसारखी कडधान्ये वाढवावीत, हे त्यांना सांगणारे कोणी नसते.

उपवासाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात अनेक रुग्ण आपला रोग लपवून उपवास करतात, कारण ‘इतकी वर्षे केले, आता लोक काय म्हणतील’ ही भीती असते. काहीजण गोळी घेऊन उपाशी राहतात, काही गोळीच बंद करतात. दोन्ही धोक्याचे आहे. निर्जळ उपवासात शरीरातील पाणी कमी होते आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधे घेणाऱ्यांना तर विशेष अपाय संभवतो. ज्यांना केवळ मेटफॉर्मिन चालू आहे त्यांचा धोका तुलनेने कमी असतो. इन्शुलिनवरील रुग्णांचा पुष्कळ अधिक. म्हणून पर्वाच्या किमान महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलावे, आणि ते नको म्हणाले तर महाराजसाहेबांपुढे किंवा मुनिश्रींपुढे संकोच न करता खरे सांगावे. श्वेतांबर परंपरेतील प्रत्याख्यानाच्या पाठात ‘आगार’, म्हणजे सवलती, सांगितल्या आहेत. चित्ताची समाधी टिकविण्यासाठी औषध घेणे हा त्यांतीलच एक आहे. शक्तीनुसार तप हेच दोन्ही परंपरांचे सांगणे आहे.

रात्री शर्करा एकाएकी उतरली तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, रुग्ण शुद्धीवर नसल्यास तोंडात काही न घालता तत्काळ रुग्णालयात न्यावे. अशा वेळी चौविहाराचा विचार करीत बसणारे घर प्राण गमावू शकते. हे घरातील प्रत्येकाला, सूनबाईंपासून नातवापर्यंत, आधीच ठाऊक असले पाहिजे.

आणि आता पायांविषयी. मधुमेह जुना होत गेला की पायांच्या संवेदना मंद होतात. वैशाखात तापलेल्या मंदिराच्या फरशीवर किंवा नेमगिरीच्या चढणीवर अनवाणी चालताना भाजले वा काटा रुतला, तरी कळत नाही. जखम चिघळते आणि क्वचित पाय गमावण्याची वेळ येते. दर्शन पहाटेच्या थंडाव्यात घ्यावे, मंदिराच्या पायरीपर्यंत पादत्राण घालावे, संस्थेने तापत्या फरशीवर जाजम अंथरावे आणि रोज रात्री तळपाय पाहून झोपावे. दिसत नसेल तर आरसा घ्यावा किंवा घरच्यांना पाहायला सांगावे.

मंडप उतरल्यानंतर

या सर्व इतिहासातून आपल्या संस्थांना काय घेता येईल? शिबिर बंद करावे असे मुळीच नाही. पण त्याला पुढची पायरी जोडावी. शिबिरात ज्यांची शर्करा अधिक आढळेल त्यांची प्रयोगशाळेत खातरजमा व्हावी. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, साखरपाणी दिल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक, हे निदानाचे मान्य निकष आहेत. लक्षणे नसतील तर चाचणी पुन्हा करून घ्यावी. निदान झालेल्यांची, त्यांच्या संमतीने आणि गुप्तता राखून, नोंद ठेवावी.

त्यानंतर महिन्यातून एकदा, स्वाध्यायाच्याच सभागृहात, तासभराचा वर्ग भरवावा. पहिल्या महिन्यात रोग म्हणजे काय. दुसऱ्यात ताट कसे वाढावे. तिसऱ्यात चालणे आणि पायांची निगा. चौथ्यात औषधे आणि शर्करा उतरणे. पाचव्यात डोळे, मूत्रपिंड, रक्तदाब यांची वार्षिक तपासणी. सहाव्यात पर्व आणि उपवास. मग पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टर दरवेळी मिळतीलच असे नाही. पण समाजातील निवृत्त शिक्षक, परिचारिका, औषधविक्रेते आणि स्वतः दहा-वीस वर्षे मधुमेह सांभाळलेले ज्येष्ठ हे काम उत्तम करू शकतात. वर्गाला रुग्णाबरोबर घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीनेही यावे, हा नियम असावा. ज्यांची शर्करा उंबरठ्यावर आहे त्यांनाही बोलवावे. चेन्नई येथे झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ आहार-व्यायामाच्या बदलाने अशा लोकांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले होते. दरवर्षी १४ नोव्हेंबरला, बॅन्टिंग यांच्या जन्मदिनी, जागतिक मधुमेह दिन पाळला जातो. त्या दिवशी वर्षभराचा आढावा घेता येईल.

यासाठी मोठा निधी लागत नाही. एक सतरंजी, एक वजनकाटा, एक मोजपट्टी आणि कोणाचा तरी एक तास पुरेसा आहे. लिस्बनच्या संस्थेने इन्शुलिन देता देता शिकवायला आरंभ केला, जामखेडच्या निरक्षर भगिनींनी शिकता शिकता गाव बदलले. ज्या सभामंडपात आपण औषधदान करतो, तेथेच ज्ञानदान झाले तर पहिल्या दानाचे पूर्ण फळ मिळेल, आणि चिठ्ठी घेऊन घाबरून घरी गेलेल्या आपल्या बांधवाला अभयदानही लाभेल.

जय जिनेंद्र.